उद्या नक्की!

मुलांनो, आज तुम्हांला एक प्रश्न विचारतो. 'उद्या नक्की करीन' हे वाक्य तुम्ही या आठवड्यात किती वेळा म्हणालात? वहीला कव्हर घालायचे राहिले, निबंध राहिला, ग्रंथालयाचे पुस्तक परत करायचे राहिले. कामाला 'नाही' म्हणायचे नाही आणि ते करायचेही नाही, याला मराठीत चालढकल म्हणतात. याच अर्थाचा दुसरा शब्द आहे 'दिरंगाई'. फारसीत 'दिरंग' म्हणजे उशीर. त्यावरूनच हा शब्द मराठीत आला.

मीही तुमच्यासारखाच होतो. पण माझ्या दिरंगाईची किंमत मी दिली नाही, माझ्या बाजीने दिली. ती हकीकत ऐका.

आम्ही अंबरनाथला राहत होतो. अब्बा कारखान्यात रात्रपाळी करीत. अम्मीची तब्येत बरी नसे, म्हणून बाजीने आठवीनंतर शाळा सोडली होती. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरी येत. त्यांचे लोंबणारे धागे कापून देण्याचे काम बाजी करी. एका पँटीमागे थोडेच पैसे मिळत. पण तिच्या मनात दहावी व्हायचे होते. शाळा सोडलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीच्या परीक्षेला बसता येते, हे तिला शेजारच्या बाईंनी सांगितले होते.

तिने शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवला. फीचे पैसे साठवले. सगळे एका पाकिटात घालून तिने माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "भाई, केंद्रावर जाऊन एवढा फॉर्म भरून ये." ते केंद्र उल्हासनगरच्या एका शाळेत होते. अंबरनाथहून उल्हासनगर म्हणजे गाडीने पुढचेच स्टेशन! मी तेव्हा नववीत होतो. मी म्हणालो, "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी कॅरमचा सामना होता. चौथ्या दिवशी गाडीला गर्दी होती. बाजी रोज विचारी आणि मी रोज नवे कारण सांगे. अशी मुदत संपली. जादा शुल्क भरून फॉर्म घेण्याची तारीखही गेली. बाजी माझ्यावर रागावली नाही. तिने पाकीट परत घेतले, पुस्तके कापडात बांधली आणि माळ्यावर ठेवली. मग ती पुन्हा धागे कापायला बसली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

तुम्ही म्हणाल, "सर, तुम्ही आळशी होता." मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण आळशी मुलगा भर उन्हात तीन तास क्रिकेट खेळत नाही! खरी गोष्ट वेगळी होती. त्या शाळेचा कारकून मराठीत प्रश्न विचारील आणि मला उत्तर देता येणार नाही, लोक हसतील, याची मला भीती वाटत होती. ती भीती मी कोणालाच सांगितली नाही. स्वतःलाही नाही. पाऊस, गर्दी, सामना हे सगळे बहाणे त्या भीतीवर टाकलेली चादर होते.

पुढच्या वर्षी बाजी स्वतः निघाली. ओशाळून मीही तिच्याबरोबर गेलो. खिडकीपाशी कारकुनाने चार प्रश्न विचारले : नाव काय? कितवीत शाळा सोडली? दाखला आणला का? फी आणली का? बाजीने मोडक्यातोडक्या मराठीत उत्तरे दिली. कोणी हसले नाही. सारे काम दहा मिनिटांत झाले. ज्या दहा मिनिटांना मी घाबरलो, त्यांनी बाजीचे एक वर्ष घेतले होते.

आता बाजीचा अभ्यास कसा चाले, ते सांगतो. शंभर पँटींचा ढीग पाहिला की कोणाचाही धीर सुटेल. बाजी त्यातून दहा पँटी बाजूला काढी आणि उरलेल्या ढिगावर चादर टाकी. समोर फक्त दहा! त्या संपल्या की पुढच्या दहा. पुस्तकाचेही तसेच. ती म्हणे, "मला पुस्तक वाचायचे नाही, फक्त हे पान वाचायचे आहे." 'आज मन लागत नाही' असे ती कधी म्हणाली नाही. मन लागेल तेव्हा बसू, असे म्हणून ती थांबत नसे. ती बसे आणि थोड्या वेळाने मन आपोआप लागे.

मोठी माणसेही याच वाटेने गेली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वामन काणे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. वकिली सांभाळून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीत लिहिला. पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. एकूण पाने सहा हजारांहून अधिक! १९६३ साली त्यांना 'भारतरत्न' मिळाले. पण हिशेब करा. बत्तीस वर्षांत सहा हजार पाने, म्हणजे दिवसाला सरासरी अर्धे पान. अर्धे पान तर तुम्हीही लिहू शकता. रोज लिहिणे, हेच अवघड आहे.

इटलीतील फ्रान्सेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याचे १९८०च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागत नव्हते. त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले आणि ते वाजेपर्यंत उठायचे नाही, असे ठरवले. पुढे त्याची पद्धत ठरली : पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. तुमच्या घरीही घड्याळ आहे. आज करून पाहा.

म्हणून मुलांनो, एखादे काम सारखे पुढे ढकलावेसे वाटले, तर स्वतःला आधी विचारा, 'मला यात कशाची भीती वाटते?' मग त्या कामाचा अगदी छोटा तुकडा तोडा आणि तेवढाच हातात घ्या. अर्ज लिहायचा आहे? आज फक्त कागद आणि पेन काढून तारीख लिहा. दुसरी ओळ आपोआप सुचेल.

बाजी दहावी पास झाली. आज ती बदलापूरला एका अंगणवाडीत सेविका आहे. आणि त्या खिडकीला घाबरणारा मुलगा आज तुम्हांला मराठी शिकवतो. मात्र ते गेलेले एक वर्ष मी बाजीला अजून परत देऊ शकलो नाही.

शब्दार्थ
चालढकल – काम पुढे पुढे ढकलणे
मुदत – ठरवून दिलेला काळ
ओशाळणे – शरमिंदा होणे
धीर सुटणे – हिंमत जाणे
सरासरी – औसत

स्वाध्याय
१. लेखकाने फॉर्म भरायला उशीर का केला? खरे कारण व सांगितलेली कारणे वेगवेगळी लिहा.
२. बाजी ढिगावर चादर का टाकी?
३. 'किंमत', 'हकीकत', 'तारीख' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.
४. तुमचे एक राहिलेले काम लिहा. त्याचा पहिला छोटा तुकडा आजच पूर्ण करा आणि उद्या वर्गात सांगा.