लिंबू-टिंबू नको, खरा डाव द्या



बचत, कर्ज, परतफेड हे आपण दर बैठकीत बोलतोच. पण आपल्या दशसूत्रीत शिक्षण आणि आरोग्यही आहे. म्हणून या महिन्याचा विषय घेतलाय – वस्तीतली दिव्यांग मुलं, आणि त्यांच्याशी आपली मुलं कशी वागतात.

खेळताना मुलं एखाद्या चिमुरड्याला ‘लिंबू-टिंबू’ करतात. तो खेळात असतो, पण त्याचा डाव कुणी मोजत नाही. लहानग्याचं ठीक आहे, दोन वर्षांत तो मोठा होतो. दिव्यांग मूल मात्र कायम लिंबू-टिंबूच राहतं. शाळेत नाव असतं, पण सहलीला नेत नाहीत. खेळाच्या तासाला दप्तरं सांभाळायला बसवतात. मग ते घराबाहेर पडायचंच बंद होतं, आणि एक दिवस शाळाही सुटते.

मुलं शिकतात कुठून?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ‘तो लंगडा’, ‘ती बहिरी’, ‘येडं आहे ते’ असं आपण सहज बोलतो. मुलं तेच उचलतात. प्रत्येकाला नाव आहे, नावानेच हाक मारा. ‘बिच्चारी’ हा शब्दही नको. कीव केली की बरोबरी संपते.

‘मागच्या जन्मीचं पाप’, ‘ग्रहण पाळलं नाही म्हणून ओठ फाटला’ हेही मुलांच्या कानावर पडतं. यात काही तथ्य नाही. सोबत खेळल्याने, जेवल्याने अपंगत्व दुसऱ्याला होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

मुलाने विचारलं तर

“आई, तिचा पाय असा का गं?” असं पोराने विचारलं की आपण “गप बस” म्हणतो. मग त्याला वाटतं, काहीतरी वाईटच असणार. त्यापेक्षा साधं सांगा: “तिच्या पायात ताकद कमी आहे, म्हणून ती कुबडी घेते. आजोबा चष्मा लावतात ना, तसंच.”

खेळ थोडा बदला

- दिसत नसेल तर: चेंडू करकरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, आवाजावरून कळतो. अंधांच्या क्रिकेटमध्येही आवाज करणारा चेंडूच असतो.
- ऐकू येत नसेल तर: शिट्टीसोबत रुमाल हलवा. समोर येऊन बोला, ओरडू नका.
- पळता येत नसेल तर: लगोरीत नेम त्याने धरावा, पळायला जोडीदार द्यावा.
- समजायला वेळ लागत असेल तर: एका वेळी एकच गोष्ट सांगा, करून दाखवा.

मदत करण्याआधी “करू का?” असं विचारायला मुलांना शिकवा. आणि हो, आउट झालं तर आउटच द्या! खरा डाव म्हणजे हारजीतही खरी.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, आणि खेळातही इतरांइतकीच संधी द्यायची आहे. म्हणजे मैदानावरची जागा हा त्यांचा हक्कच आहे, कुणाचे उपकार नाहीत.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या वस्तीत घरीच बसून असलेलं मूल आहे का? का बसलंय?
२. आपल्या गटातल्या कुणा ताईचं मूल दिव्यांग असेल, तर तिला काय हवंय हे आपण कधी विचारलंय का?
३. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड कुणाचं राहिलंय? तिच्यासोबत कोण जाईल?

या महिन्याचं काम: प्रत्येकीने आपल्या मुलांसोबत अशा एका घरी जायचं आणि त्या मुलाला खेळायला बोलवायचं. काय घडलं, ते पुढच्या बैठकीत सांगायचं. कराल ना?