मागणीपत्रावरील प्रत्येक ओळीचा हिशेब

सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे एक लक्षण सांगितले आहे. खर्च करताना ते उधळपट्टी करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. त्यांची वाट या दोहोंच्या मधून जाते. ही आयत आपण बहुधा लग्नसमारंभांच्या खर्चाविषयी बोलताना ऐकतो. या महिन्याच्या धड्यात ती एका निराळ्या प्रसंगाला लावून पाहू.

मूळचे कोकणातले आणि आता दुबईत स्थिरावलेले एक तरुण बांधव रजेवर आले असता इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबले. त्यांना पोर्शे कंपनीची ९११ ही मोटार घ्यायची होती. कमाई हलाल होती आणि ऐपतही होती. त्यांनी भ्रमणध्वनीवर निवडीची यादी दाखवली आणि विचारले, "मौलाना, यातले काय घेणे जायज आणि काय इस्राफ?" त्यांच्या अनुमतीने, त्यांची ओळख न देता, तो प्रश्न येथे मांडत आहे. अशी मोटार आपल्यापैकी फार थोडे घेतील. परंतु घराच्या फरशीपासून लग्नाच्या दागिन्यांपर्यंत, यादी पाहून निवड करण्याची वेळ प्रत्येकावर येते.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. ९११ ही मोटार १९६३ साली प्रथम लोकांसमोर आली आणि जर्मनीतील श्टुटगार्टमधल्या कारखान्यात ती आजही तयार होते. तिचे अनेक प्रकार आहेत: कॅरेरा, कॅरेरा एस, जीटीएस, टर्बो, जीटी३ इत्यादी. प्रकार निश्चित झाला की ऐच्छिक बाबींची लांबलचक यादी समोर येते. सिरॅमिकचे ब्रेक, वेगळ्या आवाजाची एक्झॉस्ट नळी, खास रंग, वेगळ्या रंगाची शिलाई, रंगीत सीटबेल्ट, हवेच्या झडपांवर कातड्याचे आवरण. प्रत्येक बाबीची किंमत निराळी. एकेक ओळ किरकोळ भासते. बेरीज मात्र मूळ किमतीला बरीच मागे टाकून जाते. मोटार पुढे विकताना या बाबींवर केलेला खर्च बहुतांशी परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सौंदर्य निषिद्ध आहे काय?

नाही. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत इस्राफची मनाई आहे. परंतु लगेच ३२ व्या आयतीत, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरवणारा कोण, असा प्रश्न विचारला आहे. दोन्ही आयती एकत्र वाचाव्यात. सहीह मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा: चांगले कपडे व चांगली पादत्राणे आवडणे म्हणजे अहंकार नव्हे, सत्य धुडकावणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार होय.

त्या काळचे वाहन घोडा होते. बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची हदीस आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोडे तीन प्रकारचे सांगितले. एकासाठी घोडा पुण्य ठरतो, कारण त्याने तो अल्लाहच्या मार्गासाठी पाळला. दुसऱ्यासाठी तो आवरण ठरतो, कारण लोकांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्याने तो पाळला आणि त्या घोड्यातील अल्लाहचा हक्क तो विसरला नाही. तिसऱ्यासाठी तोच घोडा ओझे ठरतो, कारण तो मिरवण्यासाठी आणि दिखाव्यासाठी बांधलेला असतो. प्राणी एकच, हेतूने आणि हक्काच्या जाणिवेने त्याचा दर्जा बदलला.

निवडीच्या तीन पायऱ्या

इमाम शातिबी (मृत्यू हि. ७९०) यांनी मानवी हितांच्या तीन श्रेणी विस्ताराने मांडल्या: जरूरियात, म्हणजे ज्यांवाचून निभावत नाही, हाजियात, म्हणजे ज्यांनी अडचण दूर होते, आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी शोभा वाढते. मोटारीची यादी हाती घेऊन आम्ही प्रत्येक बाब या तीन रकान्यांत लिहिली.

जीव वाचवणारी साधने पहिल्या रकान्यात गेली: उत्तम दिवे, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, लेकराच्या आसनाची सोय. शर्यतीच्या धाटणीच्या काही प्रकारांत मागची आसनेच नसतात. ज्याच्या घरी लहान मूल आहे आणि दुसरी मोटार नाही, त्याने असा प्रकार निवडणे म्हणजे कुटुंबाच्या हक्कावर आपली हौस ठेवणे होय.

दुसऱ्या रकान्यात मोटारीचा पुढचा भाग सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी यंत्रणा आली. मोटार जमिनीलगत असते. गतिरोधकावर आणि तळघरातील वाहनतळाच्या उतारावर तिचा तळ घासतो. ही सोय दिखाऊ नाही, मालाचे रक्षण करणारी आहे. सिरॅमिकच्या ब्रेकचे मात्र तसे नाही. ते हलके असतात, शर्यतीच्या मार्गावर सतत तापूनही टिकून राहतात. परंतु बदलण्याची वेळ आली की फार महाग पडतात. जो केवळ घरापासून कार्यालयापर्यंत मोटार चालवणार, त्याला मूळचे ओतीव लोखंडाचे ब्रेक पुरेसे समर्थ असतात.

तिसऱ्या रकान्यात रंग, शिलाई आणि आवरणे. मनाला आवडणारा रंग घेणे मुबाह आहे. परंतु कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या झडपेला कातडे लावताना स्वतःला विचारावे: याने मला सुख मिळणार आहे, की केवळ यादीतली ओळ रिकामी राहू नये म्हणून मी ती भरत आहे? मोठ्या आवाजाच्या नळीचा प्रश्न याहून निराळा आहे. तिथे शेजाऱ्याचा हक्क येतो, आणि फजरपूर्वी ज्याची झोप मोडते त्याला आपली हौस ठाऊक नसते.

कातड्याविषयी एक मसला. मोटारींच्या आसनांचे कातडे बहुधा गुराढोरांचे असते. कमावल्यानंतर असे कातडे पाक ठरते, असे हनफी व शाफई दोन्ही मजहबांचे मत आहे. डुकराचे कातडे मात्र कमावूनही पाक होत नाही. म्हणून विक्रेत्याला कातडे कोणत्या प्राण्याचे, हे विचारून घ्यावे. साबरासारखा दिसणारा कृत्रिम धाग्यांचा कपडाही मिळतो. त्यात हा प्रश्न उद्भवत नाही.

करार कोणता होतो?

आपल्या निवडीनुसार कारखान्यात मोटार तयार करून घेणे हा फिकहच्या भाषेत 'इस्तिस्ना' आहे. जी वस्तू आपल्यापाशी नाही ती विकू नये, हा सर्वसाधारण नियम. इस्तिस्ना हा त्याला हनफी फुकहांनी मान्य केलेला अपवाद. त्याची अट अशी की वस्तूचे वर्णन पूर्णपणे निश्चित असावे. कोकणातील आपले बहुतांश बांधव शाफई आहेत. त्या मजहबात अशा व्यवहाराला 'सलम'चे नियम लागतात आणि कराराच्या बैठकीतच संपूर्ण किंमत द्यावी लागते. जेद्दाह येथे १९९२ साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने इस्तिस्ना हा उभयपक्षी बंधनकारक करार मानला आणि किंमत हप्त्यांनी देण्यास मुभा दिली. शाफई बांधवांनी आपल्या विश्वासू आलिमांना विचारून या मताचा आधार घ्यावा.

म्हणजेच निवडीची यादी हाच कराराचा गाभा आहे. प्रकार, रंग, प्रत्येक ऐच्छिक बाब, एकूण किंमत आणि सुपूर्द करण्याची मुदत लेखी असावी. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. वर्णनाप्रमाणे वस्तू आली नाही, तर ती नाकारण्याचा हक्क ग्राहकाला राहतो.

आगाऊ दिलेली बयाणा रक्कम खरेदी रद्द झाल्यास जप्त करणे हनफी, शाफई व मालिकी फुकहांना मान्य नाही. हंबली मजहबात ते चालते. फिकह अकादमीने १९९३ साली, मुदत ठरलेली असेल तर, यास परवानगी दिली. तेव्हा बयाणा देण्यापूर्वी ही अट वाचावी.

व्याजाचे कर्ज घेऊन अशी मोटार घेणे हराम आहे. येथे निकड हा बहाणाही उरत नाही. आखातात इस्लामी बँका 'मुराबहा' करतात: बँक आधी मोटार स्वतः विकत घेते आणि मग ठरलेल्या नफ्याने ग्राहकाला विकते. यात क्रम महत्त्वाचा. ग्राहकाने आधीच स्वतःच्या नावे विक्रेत्याशी पक्का करार केला असेल, तर बँक विकणार काय? म्हणून बँकेकडे आधी जावे.

वापरातील मोटारीवर जकात नाही. परंतु तिच्यासाठी साठवून ठेवलेली रक्कम निसाबाइतकी असून तिच्यावर चांद्रवर्ष लोटले, तर अडीच टक्के जकात द्यावीच लागते.

यादीत नसलेली ओळ

तीन रकाने भरून झाले. मी त्या बांधवांना विचारले, "या यादीच्या आधी कोणाचे देणे उरले आहे काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली. आमराई आम्हा भावांच्याच ताब्यात आहे. बहिणीने कधी मागितले नाही."

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या गावोगावी हे वाक्य किती घरांत ऐकू येते! बहिणीने मागितले नाही म्हणून तिचा हिस्सा माफ होत नाही. माहेर तुटेल या भीतीने धरलेले मौन म्हणजे संमती नव्हे. सूरह अन-निसाच्या ११ व्या आयतीत हा हिस्सा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे, आणि वारसाहक्काच्या या मर्यादा ओलांडणाऱ्यास १४ व्या आयतीत आगीचा इशारा आहे. नऊ वर्षांचे आंब्याचे उत्पन्नही या हिशेबात येते.

मी त्यांना मोटार घेऊ नका असे म्हटले नाही; हलाल कमाईची शोभा हराम ठरवण्याचा मला अधिकार नाही. इतकेच म्हटले, "भाई, शिलाईचा रंग ठरवायला तुम्ही तीन आठवडे दिलेत. एक संध्याकाळ बहिणीच्या घरी द्या."

रजा संपण्यापूर्वी ते पुन्हा भेटले. मोटारीची मागणी अद्याप नोंदवलेली नव्हती. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावण्याचा अर्ज तलाठ्याकडे दिला होता आणि उत्पन्नाचा हिशेब मोठ्या भावासोबत मांडायला घेतला होता. मोठा भाऊ अजून राजी नाही, असे ते म्हणाले. त्यांनी निदान स्वतःच्या वाट्यातले देणे चुकवायला आरंभ केला आहे.

आपल्या घरीही एखादी यादी तयार होत असेल: घराची, लग्नाची, मोटारीची. तिच्या पहिल्या ओळीवर कोणाचा हक्क लिहायचा राहिला आहे, हे आज रात्री घरच्यांसोबत बसून पाहावे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई, मध्यम खर्च आणि हक्कदारांचे हक्क पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.