फ्यूज का उडतो? : मोटारीच्या इंधनपंपाच्या विद्युन्मंडलातील दोषशोधन

चालत्या मोटारीचे एंजिन एकाएकी बंद पडते. तपासता असे आढळते की, इंधनपंपाचा फ्यूज उडाला आहे. नवा फ्यूज बसविला की एंजिन सुरू होते. परंतु काही अंतर गेल्यावर तोही उडतो. अशा वेळी अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा जाड तारेचा तुकडा बसवून निभावून नेण्याचा मोह पुष्कळांस होतो. हा मोह किती घातक आहे आणि खरा दोष कसा शोधावा, ते या पाठात पाहू.

फ्यूजचे कार्य

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की उष्णता उत्पन्न होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. फ्यूजमधील धातूची पट्टी मंडलातील इतर तारांच्या आधी वितळावी अशा बेताने केलेली असते. ती स्वतः नष्ट होऊन तारांचे रक्षण करते. आता १५ अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसविला, तर तारेतून दुप्पट प्रवाह जाईपर्यंत तो वितळणार नाही. तोवर तारेवरील आवरण वितळू लागेल. आणि ही तार पेट्रोलच्या टाकीपर्यंत गेलेली असते, हे विसरता कामा नये. चपट्या पात्याच्या फ्यूजांचे रंग ठरलेले आहेत : १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा व ३० चा हिरवा. उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज वापरावा.

दोषाचे दोन प्रकार

फ्यूज केव्हा उडतो, याकडे प्रथम लक्ष द्यावे. किल्ली फिरविताच तो उडत असेल, तर बहुधा कोठेतरी तारेचे आवरण झिजून ती मोटारीच्या धातूच्या सांगाड्यास टेकली आहे, म्हणजेच शॉर्ट सर्किट झाले आहे, असे समजावे. खड्ड्यांतून जाताना उडत असेल, तर हाच दोष अधूनमधून प्रकट होतो आहे. परंतु काही काळ सुरळीत चालून मग उडत असेल, तर पंपाविषयी संशय घ्यावा. फिरणारी मोटर बॅटरीच्या दाबाला विरोध करणारा दाब स्वतःच निर्माण करते. त्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो. गाळणी तुंबल्यामुळे वा धारवे झिजल्यामुळे मोटर जड फिरू लागली की हा विरोध घटतो व प्रवाह वाढतो. टाकीत सदैव अत्यल्प पेट्रोल ठेवण्याची सवयही पंपास बाधक होय. कारण पेट्रोलमुळेच तो थंड राहतो.

शोधाची रीत

पेट्रोलचा वास येत असल्यास विद्युत् तपासणी मुळीच करू नये. एरवीही काम मोकळ्या जागी करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, मगच टाकीजवळची पंपाची जोडणी अलग करावी. पंप तसाच जोडून ठेवला तर मोजणी फसवी ठरते. कारण स्थिर मोटरचा रोध एखाद्या ओहमइतका अल्प असल्याने निर्दोष मंडलातही शॉर्ट सर्किटचा भास होतो.

नंतर फ्यूजच्या जागी तारांच्या साहाय्याने १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडून बॅटरी पुन्हा जोडावी. या बल्बातून सुमारे १·७५ अँपिअरहून अधिक प्रवाह जात नाही. म्हणून दोष असला तरी तारा तापत नाहीत व एकामागून एक फ्यूज वाया जात नाहीत. फ्यूजच्या पुढे रिले व त्यापुढे पंप, अशी रचना असल्यास निष्कर्ष असे निघतात :

१. किल्ली बंद असतानाच बल्ब प्रखर पेटला, तर दोष फ्यूज व रिले यांच्यामध्ये आहे.

२. किल्ली फिरविल्यावर दोन-तीन सेकंदच पेटला, तर दोष रिलेच्या पुढे आहे. कारण एंजिन सुरू न झाल्यास पुष्कळ गाड्यांत रिले तेवढाच वेळ प्रवाह सोडतो.

३. मुळीच न पेटला, तर तारांचा जुडगा हलवून पाहावा. तरीही न पेटल्यास पंपाकडे वळावे.

काही गाड्यांत याच फ्यूजवरून धूरनळीतील ऑक्सिजन-संवेदकाच्या तापकासही प्रवाह जातो. अशी शाखा असल्यास तीही सोडवून चाचणी घ्यावी, अन्यथा निर्दोष मंडलातही बल्ब पेटेल. तार पत्र्याच्या छिद्रातून जाते तेथील रबरी कडे, मागील आसनाखालची जागा आणि तप्त धूरनळीचा शेजार ही झीज होण्याची नेहमीची स्थळे होत.

तारा निर्दोष ठरल्यास बॅटरी सोडवून पंप पुन्हा जोडावा, योग्य फ्यूज बसवावा आणि एंजिन चालू ठेवून पंपाचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजावा. उत्पादकाने दिलेल्या आकड्याहून तो बराच अधिक असेल, तर गाळणी व पंप कुशल कारागिराकडून तपासून घ्यावेत.

सारांश

उडालेला फ्यूज हा दोष नसून दोषाची सूचना होय. ती सूचना देणाऱ्याचे तोंड जाड तारेने बंद केले, तर दोष तसाच राहतो. मात्र पुढची सूचना धुराच्या रूपाने मिळते.

स्वाध्याय

१. प्रवाह तिप्पट झाल्यास तारेतील उष्णता किती पट होईल?

२. बल्बाची चाचणी घेण्यापूर्वी पंप अलग करणे का आवश्यक आहे?