डब्याच्या पोटातलं शिसं

घरात छोटी रेल्वे मांडायची म्हटलं की पैसा आणि कौतुक दोन्ही इंजिनाच्या वाट्याला जातं. पण घरच्या रुळांवर खोळंबा होतो तो बहुतेक वेळा प्रवासी डब्यांमुळे. त्यात घर खारदांड्यासारखं समुद्राला खेटून असेल तर डब्यांचे हाल आणखी होतात. डबे जमवायला निघालेल्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितो.

मुंबईतल्या मराठी माणसाला पहिली गाडी कोणती हवी असते, तर डेक्कन क्वीन. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी २०२२ मध्ये जुन्या आयसीएफ बनावटीचे डबे सोडून नव्या एलएचबी डब्यांची झाली, त्यामुळे जुना आयसीएफ रेक की नवा एलएचबी, यावर आमच्या घरीही वाद झाले. वादाआधी फूटपट्टी घ्यावी. १:८७ या, म्हणजे एचओच्या, प्रमाणात आयसीएफ डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि एलएचबी सत्तावीसचा. सुरुवातीच्या संचांतून येणाऱ्या वळणाची त्रिज्या मात्र बहुधा ३६ सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढ्या वळणावर आयसीएफ डब्याचं पोट सेंटिमीटरभर आत येतं आणि एलएचबीचं टोक दीड सेंटिमीटर बाहेर फिरतं. फलाटाची कड, सिग्नलचा खांब, शेजारच्या रुळावरची गाडी, जे मध्ये येईल त्याला डबा लागतो. त्रिज्या ६० सेंटिमीटर केली की हेच आकडे सहा आणि नऊ मिलिमीटरवर येतात. काहीही चिकटवण्याआधी पुठ्ठ्याचा डबा कापा, खाली सतरा सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या लावा, त्या रुळाच्या मध्यरेषेवर ठेवून पुठ्ठा वळणावरून सरकवा आणि पेन्सिलीने त्याची हद्द आखा. त्या रेषेच्या आत काही उभारू नका.

आता वजन. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ ने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा, पण एचओचा रूळ असतो साडेसोळाचा. म्हणजे भारतीय डबा आपल्या अंगापेक्षा अरुंद पायांवर उभा राहतो. डबा हलका असला तर वळणावर पुढचं इंजिन ओढतं, मागचे डबे अडवतात आणि मधला डबा आतल्या बाजूला कलंडतो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने वजनाचा एक हिशेब दिला आहे: मूळ २८ ग्रॅम आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. आयसीएफ डब्यासाठी ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला डबा ठेवून बघा.

वजन वाढवायला आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात शिशाची काय कमी! जाळ्याला लावायच्या गोळ्या कुणाच्याही ओट्यावर सापडतात. त्या ठोकून चपट्या केल्या, सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने डब्यांच्या तळात बसवल्या, आणि गाडी अशी धावायला लागली की बघत राहावं. काही पावसाळे गेले. मग एका डब्याचा तळ फुगलेला दिसला. दुसऱ्याची बाजूची भिंत शिवणीत उकललेली. उघडलं तर आत पांढरी भुकटी. हा गोंद सुकताना आणि पुढेही थोडं थोडं सिरक्याचं आम्ल सोडत राहतो. बंद जागेत ते आम्ल, दमट हवा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की शिशाचा कार्बोनेट होतो, आणि तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. शिसं आणि सिरका एकत्र ठेवूनच पूर्वी रंगाचा सफेदा करत असत. तोच सफेदा इथे डब्याच्या पोटात तयार होत होता. असे डबे दुरुस्त होतात, पण खिडक्यांच्या काचा आणि रंग वाचत नाहीत.

म्हणून शिसं वापरायचंच असेल तर इपॉक्सीने बसवा. वजन अगदी तळाशी ठेवा, छताजवळ कधीच नको. माझी आजची पसंती पितळी पट्टीला आहे. ती महाग पडते, पण शिसं विषारी आहे आणि डबे हाताळणारी पोरं त्याच हाताने बटाटेवडा खातात. लोखंडी नट-वॉशरचा मोह टाळा, खाऱ्या हवेत ते लगेच गंजतात.

जुने डबे विकत घेताना डब्याआधी त्याची पेटी उघडून बघा. आतला फोम जुना होऊन चिकट झाला असेल तर त्याची खूण रंगावर उमटलेली असते, आणि ती निघत नाही. फोम लगेच फेकून द्या आणि डबा आम्लविरहित कागदात गुंडाळा. चाकं प्लास्टिकची असतील तर धातूची घाला. प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर पसरवतात आणि त्यानेच डब्यातले दिवे मिचमिचतात. पोलादी रूळ तर समुद्राजवळ घेऊच नका. निकेल सिल्व्हरचे घ्या, नाव काहीही असलं तरी त्यात चांदी नसते. ते पुसायला कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पॉलिशपेपर घासलात तर पडलेल्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हाच मीही गाडी बंद ठेवतो. डबे घट्ट झाकणाच्या पेट्यांत जातात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नारळी पौर्णिमेपर्यंत पेटी उघडायची नाही, हा घरातला नियम आहे आणि पाहुण्यांच्या मुलांनाही तो लागू आहे.

जागा कमी असलेल्यांसाठी एक हिशेब. सहा बाय चार फुटांच्या फळीवर ५५ सेंटिमीटर त्रिज्येचा वेढा बसवला की सरळ रूळ जेमतेम ६० सेंटिमीटर उरतो, म्हणजे अडीच आयसीएफ डबे. तिथे डेक्कन क्वीनचा अख्खा रेक आणलात तर ती कायम वळणावरच दिसेल. लांब गाडी निवांत धावताना पाहायची हौस असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन या. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. घरच्या फळीसाठी मी आता नेरळ–माथेरानच सुचवतो. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी ६१० मिलिमीटरच्या रुळांवर चालते. १:८७ मध्ये तिच्यासाठी नऊ मिलिमीटरचा रूळ चालतो. प्रमाणाने तो थोडा रुंद पडतो, पण तयार मिळतो. डबे आखूड, त्यामुळे घट्ट वळणावरही शोभतात. दोन डबे आणि एक इंजिन एवढ्यावर सुरुवात करा, आणि तिसरा डबा एक पावसाळा उलटल्यावर घ्या.