जुना लॅपटॉप : टाकावा की सुधारावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि पदविका, अभियांत्रिकी वा पदवीचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो : मुलाला किंवा मुलीला नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का? बीड जिल्ह्यात हा प्रश्न केवळ सोयीचा नसतो. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी पस्तीस-चाळीस हजारांची खरेदी म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत पडलेली भर असते, आणि उचल फेडायची ती अंगमेहनतीने. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तीच रक्कम कापूस-सोयाबीनच्या हाती आलेल्या पैशांतला मोठा वाटा घेऊन जाते. म्हणून थोरल्या भावंडाने वापरलेला किंवा नातेवाइकाने दिलेला सात-आठ वर्षांचा लॅपटॉप केवळ ‘हळू चालतो’ म्हणून बाजूला सारण्यापूर्वी त्याच्या संथपणाचे नेमके कारण शोधणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आपण तेच क्रमाने पाहू.

संथपणाची तीन कारणे

लॅपटॉपचा प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा मुख्य भाग, वयानुसार झिजून मंद होतो असा समज आहे. तो बरोबर नाही. कमतरता बहुधा अन्य ठिकाणी असते.

पहिले कारण हार्ड डिस्क. जुन्या लॅपटॉपमधील डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सुमारे पंधरा मिलिसेकंद जातात. हा वेळ नगण्य वाटतो. परंतु लॅपटॉप सुरू होताना हजारो लहान-लहान फायली वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी ही प्रतीक्षा घडते. एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत फिरणारा एकही भाग नसतो. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात होते. जुना लॅपटॉप सुरू होण्यास चार-पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा या तबकडीचा असतो.

दुसरे कारण रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती. पूर्वी ४ जीबी पुरेशी होती. आजची संकेतस्थळे आणि ऑनलाइन वर्ग यांनी ती लगेच भरते. भरल्यावर संगणक उरलेले काम डिस्कवर ढकलतो, आणि डिस्क मुळातच संथ असल्याने सारेच अडते.

तिसरे कारण धूळ आणि उष्णता. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पंख्याच्या जाळीत धूळ दाटली की आतील उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पंख्याचा सततचा मोठा आवाज हे त्याचे लक्षण होय.

आधी निदान, मग खर्च

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक तपासणी करता येते. विंडोज चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून त्यातील ‘परफॉर्मन्स’ या विभागाकडे काही मिनिटे पाहावे. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ राहत असेल तर डिस्क बदलावी. स्मृतीचा आकडा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर टेकलेला असेल तर रॅम वाढवावी. दोन्ही आकडे कमी असून लॅपटॉप तापत असेल तर आधी साफसफाई करावी. डिस्कच्या नोंदीत ‘एसएसडी’ असे आधीच लिहिलेले असेल, तर डिस्क बदलण्याचा खर्च वाचला.

काय बदलावे, कोणती काळजी घ्यावी

सर्वप्रथम सर्व कागदपत्रे, छायाचित्रे आणि प्रकल्पांच्या फायली दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. त्याआधी लॅपटॉप कोणाच्याही हाती देऊ नये.

साधारण वापरासाठी २५६ जीबीची एसएसडी पुरते. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी हार्ड डिस्कच्या जागी नेमकी बसते. काही लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू नावाची लहान खाच असते. तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन भिन्न प्रकार आहेत. म्हणून लॅपटॉपचा नमुना क्रमांक दाखवूनच खरेदी करावी. काढलेली जुनी डिस्क चांगली असल्यास यूएसबी पेटीत बसवून राखीव साठवणीसाठी वापरता येते.

रॅम ४ वरून ८ जीबी करणे बहुतेक अभ्यासक्रमांना पुरेसे होते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवरच डागलेली असते. तेथे ती वाढवता येत नाही. रॅमचे भाव महिन्यागणिक चढ-उतार करतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांत विचारूनच निर्णय घ्यावा.

विंडोजचा अधिकृत परवाना बहुधा लॅपटॉपच्या मुख्य पाटीशी जोडलेला असतो. केवळ डिस्क बदलल्याने तो नवीन विकत घ्यावा लागत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

बॅटरीविषयी अधिक सावध राहावे. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर तत्काळ थांबवावा. ती टोचू, दाबू वा कचऱ्यात टाकू नये. तिला आग लागू शकते.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर

सुस्थितीतील अनेक लॅपटॉप आज एका तारखेमुळे ‘जुने’ ठरले आहेत. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवसानंतर लॅपटॉप बंद पडत नाही. परंतु सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळणे थांबते. बँकेचे व्यवहार किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज अशा यंत्रावर करणे दिवसेंदिवस जोखमीचे होत जाते.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे : ‘आय५-७२००यू’ असे लिहिले असेल तर सातवी, ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठवी. आठव्या पिढीच्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम घालून अधिकृतपणे विंडोज ११ वर नेता येते.

त्याहून जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा मोफत आणि कायदेशीर मार्ग आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळच्या शासकीय शाळांत अनेक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतून ऐकता येतात. देवनागरी टंकलेखनही तेथे उत्तम होते.

तथापि मर्यादाही जाणून घ्याव्यात. टॅली, ऑटोकॅड, डीटीपीसाठीची श्री-लिपी ही साधने मुळात विंडोजसाठी आहेत. ज्याची उपजीविका वा परीक्षा त्यांवर अवलंबून आहे, त्याने लिनक्सचा निर्णय घाईने घेऊ नये.

केव्हा नवा घ्यावा

मुख्य पाटी बिघडली असेल. पडदा आणि बिजागर दोन्ही तुटले असतील. रॅम ४ जीबीवर डागलेली असेल. किंवा वास्तुकला, चित्रफीत-संपादन असा भारी अभ्यासक्रम असेल, तर जुन्यावर पैसा घालणे शहाणपणाचे नाही. एक ठोकताळा उपयोगी पडतो : सर्व सुधारणांचा एकत्रित खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एक-तृतीयांशाहून अधिक होत असेल, तर थांबावे. हा अंदाज एका वेळी, कागदावर मांडून घ्यावा. आज डिस्क, पुढच्या महिन्यात बॅटरी, त्यानंतर पडदा असे तुकड्या-तुकड्याने खर्च करणाऱ्यास शेवटी नव्याएवढाच भुर्दंड पडतो.

टाकलेले कोठे जाते?

या प्रश्नाला घराबाहेरचीही एक बाजू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराचसा भंगारात, उघड्यावर जाळून धातू काढणाऱ्या हातांत पोहोचतो; आणि हे हात गरिबांचेच असतात. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. म्हणून निकामी यंत्र नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावे.

माजी विद्यार्थ्यांना येथे एक विनंती करावीशी वाटते. शाळेला किंवा वसतिगृहाला जुने संगणक भेट देण्याची भावना स्तुत्य आहे; पण बंद पडलेले यंत्र दान दिल्याने संस्थेची अडगळ तेवढी वाढते. देण्यापूर्वी आपली खासगी माहिती पूर्णपणे पुसावी, एसएसडी बसवावी, चार्जर सोबत द्यावा आणि यंत्र चालू करून दाखवावे. अशा रीतीने दिलेला एक लॅपटॉप खोलीभर बंद संगणकांपेक्षा अधिक उपयोगाचा ठरतो.

पालकांनीही एवढे लक्षात घ्यावे, की मुलाच्या शिक्षणाला लॅपटॉपची किंमत नव्हे, तर त्याची उपयुक्तता साहाय्य करते. थोड्या खर्चात घरचाच लॅपटॉप आणखी तीन-चार वर्षे साथ देत असेल, तर वाचलेल्या पैशांत वसतिगृहाचे शुल्क, पुस्तके आणि प्रवास भागतो. ज्या घरात प्रत्येक रुपयामागे घाम आहे, त्या घराने दुकानदाराला पहिला प्रश्न ‘नवा केवढ्याला?’ असा न विचारता ‘याचे नेमके काय बिघडले आहे?’ असा विचारावा.