टेस्टर पास, तरी वेग नाही

प्रश्न : घरात कॅट-६ केबल टाकून आरजे-४५ प्लग मीच क्रिंप केले. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, तरी वेग मिळत नाही. असं का?

उत्तर : तुम्ही बहुधा एकेक रंगाची जोडी शेजारी-शेजारी लावली आहे. साधा टेस्टर तार तुटलेली नाही एवढंच सांगतो. जोडी फुटलेली त्याला कळत नाही. ३ आणि ६ नंबरच्या पिनांना एकाच जोडीच्या तारा हव्यात. क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. घाईत सगळे तिथेच चुकतात. बाहेरचं आवरण प्लगच्या पकडीखाली गेलंच पाहिजे. जुने प्लग कापून टाका, ते पुन्हा वापरता येत नाहीत.