मंदीच्या काळातील घर आणि देणे

खांडवा–भुसावळ लोहमार्गावर चांदनी हे लहानसे स्थानक आहे. त्याच्या शेजारी नेपानगर येथे भारतातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला व १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. सातपुड्यातील बांबू व सालई, ताप्तीचे पाणी, चांदनीच्या औष्णिक केंद्रातील वीज आणि रेल्वे या चार गोष्टींवर ही वसाहत वाढली. एकाच कारखान्यावर विसंबलेल्या वसाहतीचे सुख त्या कारखान्याच्या चाकाबरोबर फिरते. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले, ते २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. दरम्यान मार्च २०२० च्या टाळेबंदीत बुऱ्हाणपूरच्या ताप्ती मिलचेही उत्पादन बंद पडले. अशा वेळी कुटुंबाने काय करावे, हा प्रश्न या भागास नवा नाही.

अडचण बहुधा ठरावीक क्रमाने येते. प्रथम पगार लांबतो. मग किराणा दुकानातील उधारी वाढते, त्यापाठोपाठ दागिने गहाण पडतात व अखेरीस सावकाराच्या कागदावर घराचे नाव चढते. पहिल्या पायरीवर उपाय सोपा असतो. शेवटच्या पायरीवर तो अवघड होतो. यास्तव या विषयातील पहिला धडा हा की, देणे लपवू नये आणि मदत मागण्यास उशीर करू नये.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, तेव्हा बुऱ्हाणपूर हे मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात होते. उत्पन्न घटले, परंतु जुन्या कर्जाचा आकडा व त्यावरील व्याज मात्र कायम राहिले. या परिस्थितीत मध्य प्रांत सरकारने १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. त्यानुसार तडजोड मंडळे स्थापन झाली. ऋणको किंवा धनको यांपैकी कोणीही मंडळाकडे अर्ज करू शके. सर्व धनकोंना आपापले हिशेब मांडावे लागत व ऋणकोची फेडण्याची ताकद पाहून हप्ते ठरविण्याचा प्रयत्न होई. धनकोने वाजवी तडजोड विनाकारण नाकारली, तर मंडळ ऋणकोस तसे प्रमाणपत्र देई व पुढे दावा लावणाऱ्या धनकोस त्याचा तोटा सोसावा लागे. मंडळांचा काळ संपला असला तरी त्यामागील तीन तत्त्वे आजही उपयोगी आहेत : सर्व कर्जे एकत्र मांडणे, हप्ता उत्पन्नाच्या मानाने ठरविणे आणि तडजोड लेखी करणे.

आज पहिले काम म्हणजे एका कागदावर सर्व देण्यांची यादी करणे. प्रत्येक नोंदीपुढे मुद्दल, व्याजाचा दर, दिलेल्या रकमा आणि तारण लिहावे. तारण असलेले व नसलेले कर्ज यांतील भेद महत्त्वाचा आहे, कारण घराचा धोका त्यावर अवलंबून असतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, हिच्या कलम ६० अन्वये काही मालमत्ता हुकूमनाम्याच्या बजावणीत जप्त करता येत नाही. शेतकरी, मजूर अथवा घरगुती नोकर यांच्या मालकीचे व वहिवाटीचे घर, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांस हे संरक्षण आहे. मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराच्या बाबतीत, पोटगीचा हुकूमनामा वगळता, पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. समजा, पगार १६,००० रुपये आहे. तर १,००० आणि १५,००० चे दोन-तृतीयांश म्हणजे १०,००० असे ११,००० रुपये सुरक्षित राहतील व जास्तीत जास्त ५,००० रुपये जप्त होऊ शकतील. मात्र जे घर स्वतःहून गहाण टाकले, त्यास या कलमाचा आधार मिळत नाही, हे पक्के ध्यानी ठेवावे. किरकोळ उसनवारीसाठी घराचे कागद देणे म्हणूनच धोक्याचे होय.

घर बँकेकडे तारण असेल व हप्ते थकले असतील, तर २००२ च्या सरफेसी अधिनियमान्वये बँकेस ताबा घेण्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. या मुदतीत लेखी हरकत घेता येते. तिला बँकेने उत्तर देणे आवश्यक आहे. बँकेने पुढील कारवाई केल्यास ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नोटीस न उघडता ठेवणे हा सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. कागद हाती येताच बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागावी.

वकिलाच्या खर्चाची भीती पुष्कळांना अडवते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार हे मोफत विधिसाहाय्यास पात्र आहेत. अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींनाही ते मिळते. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे. लोकअदालतीत न्यायालय शुल्क लागत नाही व प्रलंबित दावा मिटल्यास भरलेले शुल्क परत मिळते. तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करावी.

ज्यांना पक्के घर नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आहे. या योजनेत सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे साहाय्य बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी थेट खात्यात जमा होते. लाभार्थींच्या यादीची पडताळणी ग्रामसभेत होते. सभेस गैरहजर राहणाऱ्यास आपले नाव गळाल्याचे उशिरा कळते.

मंदी कोणत्याही एका कुटुंबाच्या चुकीने येत नाही व एका कुटुंबाच्या बळावर ती परतविताही येत नाही. कारखाना थांबला तरी कायद्याचे, बँकेचे व ग्रामसभेचे दार बंद होत नाही. ते वेळेवर ठोठावले, तर पगार पुन्हा सुरू होईपर्यंत छप्पर टिकते.